सत्तेचाळीस एक जून

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं, पण लोकांनी पुन्हा पुन्हा वाचलं असं माझं वाक्य एकच. त्यात दोन शब्द होते: ‘इनव्हॅलिड डेटा’. म्हणजे माहिती अवैध आहे. कुठली माहिती, कुठे, कशी, आता करायचं काय, यातलं काहीही त्यात नव्हतं. तरी त्या वाक्याचा मला इतका अभिमान होता की विचारू नका.

दोन हजार सालच्या आगेमागे आमची कंपनी शरणपूर रोडला, एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. कंपनी म्हणायचं ते पाटीपुरतं. आम्ही सहा प्रोग्रामर, एक मालक, आणि नेमका एप्रिलमध्ये बंद पडणारा कूलर. काम असं की कुणाची सभासदांची यादी, कुणाची विद्यार्थ्यांची, कुणाची वर्गणीदारांची. लोक ती कुठेतरी टाइप करून फ्लॉपीवर आणून द्यायचे आणि आम्ही तिच्यातून त्यांना हवे ते कागद छापून द्यायचो. आता टाइप करून आलेली यादी ही काय चीज असते, ते भोगलेल्यालाच कळतं. शून्याच्या जागी इंग्रजी ओ. आडनावाच्या रकान्यात गाव. एका यादीत तर जन्मतारखेच्या जागी ‘आईला विचारून सांगतो’ असं लिहिलेलं होतं. म्हणून यादी आत घेताना ती ओळ न् ओळ वाचून नाव, गाव, तारीख वेगळं काढणारा एक प्रोग्राम मी लिहून ठेवला होता. ऑफिसात सगळे त्याला ‘गाळणी’ म्हणत. बाकीचे पाचही जण आपापल्या प्रोग्रामच्या तोंडाशी आधी माझी गाळणी बसवायचे. तिला काही खटकलं की ती जागच्या जागी थांबायची आणि पडद्यावर माझं ते वाक्य उमटायचं.

मग तो प्रोग्रामर तासभर डोकं खाजवायचा आणि शेवटी माझ्या टेबलाशी यायचा. ‘सर, जरा बघता का?’ मी लगेच उठायचो नाही. आधी चहा संपवायचो. मग त्याच्या खुर्चीमागे उभा राहून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी मान तिरकी करून म्हणायचो, ‘ओळ एकशे बारा. नावात स्वल्पविराम पडलाय.’ समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की मला दिवसभर जेवण लागू नये.

ही विद्या कुठून आली तेही सांगून टाकतो, आता लपवून काय करणार? कुठल्या ओळीवर घोडं अडलंय ते गाळणीला पक्कं ठाऊक असायचं. तीन बटणं एकदम दाबली की कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळीचा नंबर यायचा. ती बटणं फक्त मला माहीत होती. कुणी विचारलंच की संदेश इतका त्रोटक का, तर मी म्हणायचो, ‘प्रोग्रामर आहात ना? मग चमच्याने भरवायला पाहिजे का?’ खरी गोष्ट ही की संदेश धड असता तर माझ्या टेबलाशी काळं कुत्रं आलं नसतं.

घरीही माझी हीच तऱ्हा. आमटीचा भुरका मारून मी म्हणायचो, ‘चुकलंय.’ बायको म्हणायची, ‘काय चुकलंय? मीठ, गूळ, की फोडणी? सांगशील, की नुसतं थोबाड वाकडं करून बसशील?’ मी म्हणायचो, ‘तू केलीस ना, मग तुला कळायला नको?’ यावर ती जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरातला हा सवाल ऑफिसात लागू पडतो हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

एकदा एका क्लबच्या सभासदांची यादी आमच्याकडे आली. टाइप करणाऱ्या महाशयांनी पहिल्या माणसाची जन्मतारीख वरपासून खालपर्यंत ओढून ठेवली होती. गाळणीने ती गपगुमान गिळली आणि क्लबच्या सगळ्या सभासदांना एकाच दिवशी वाढदिवसाची शुभेच्छापत्रं गेली. मालकाने माझी अशी काही हजेरी घेतली की मी तिरीमिरीत गाळणीत एक नवा नियम घालून टाकला: दहाहून जास्त ओळी असतील आणि निम्म्याहून अधिक जणांचा जन्मदिवस एकच असेल, तर अख्खी यादी परत. संदेश? तोच, दोन शब्दांचा. चूक कुठल्याच एका ओळीची नाही, म्हणून ओळीचा नंबर शून्य. अर्ध्या तासात काम उरकलं, स्वतःवर खूश होऊन मिसळ खाऊन आलो, आणि तो नियम साफ विसरलो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे एक मुलगी लागली. कळवणकडची, पंचवटीत मामाकडे राहायची. तेवीस वर्षांची असेल. बोलायला कमी, पण कामाला वाघीण. तिला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते प्रवेशपरीक्षेच्या हॉलतिकिटांचं. एका संस्थेची शहरात निवासी शाळा होती. पाचवीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण त्यासाठी चौथीच्या मुलांनी एक परीक्षा द्यायची. तीही एकदाच, पाचवीत गेल्यावर दार बंद. संस्थेचा एक नियम फार कडक होता. हॉलतिकिटावरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळली नाही, तर मुलाला दारातूनच परत पाठवायचं.

बऱ्याच शाळांच्या याद्या सुरळीत गेल्या. मग पेठ तालुक्याच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेची यादी आली. मुलं अठ्ठावन्न. मुलीने ती गाळणीत घातली. इनव्हॅलिड डेटा.

ती माझ्याकडे आली. ‘सर, यादीत काय चुकलंय कळत नाही.’

मी मान वर न करता म्हणालो, ‘डेटा चुकीचा आहे. नीट बघ.’

तिने नीट बघितलं. फूटपट्टी पडद्याला लावून एकेक ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. ‘सर, एकेक ओळ वेगळी घातली तर जाते. सगळ्या एकत्र घातल्या की अडते.’

आता कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे दिवा लागला असता. मी म्हणालो, ‘असं होऊच शकत नाही. शेवटी कुठेतरी रिकाम्या जागा असतील.’

तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र मी उठलो. चहा संपवून, अर्थातच. खुर्चीमागे उभा राहिलो, मान तिरकी केली, गुपचूप तीन बटणं दाबली. कोपऱ्यात आलं: ओळ शून्य. शून्यावी ओळ म्हणजे काय, हे खुद्द मलाच आठवेना! पण वैद्याने कधी ‘मला कळत नाही’ म्हटलंय का? मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘तुझा पायाच कच्चा आहे. आधी स्वतःचा प्रोग्राम तपास, मग माझ्याकडे ये.’

तिचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. पाहिलं आणि जागेवर जाऊन बसलो.

पुढचा आठवडा बरा गेला. यादी गेली असं कानावर आलं. हॉलतिकिटं छापून झाली, संस्थेचे शिक्के बसले, शाळांना पोचलीसुद्धा. मी मनात म्हटलं, बघा, जरा खडसावलं की पोरं कशी शिकतात.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिना चढून एक गृहस्थ आले. पायजमा-शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेलं जाडजूड रजिस्टर. त्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. पहिल्या एसटीने आले होते. पाणी प्यायले, हॉलतिकिटांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘साहेब, आमच्या पोरांचे वाढदिवस तुम्ही कुठनं आणले?’

मला काही बोध होईना. त्यांनी रजिस्टर उघडून एकेक तिकीट शेजारी ठेवायला सुरुवात केली. रजिस्टरात एक जून, तिकिटावर चौदा जानेवारी. रजिस्टरात एक जून, तिकिटावर नऊ ऑक्टोबर. अशी अठरा तिकिटं.

‘तुमच्या लोकांनी टाइप करताना घोळ घातला असेल,’ मी म्हणालो.

‘यादी मी स्वतः टाइप केली, साहेब. तालुक्याच्या गावी जाऊन, दोन बोटांनी,’ ते म्हणाले. ‘आता रविवारी ह्या अठरांना दारात अडवतील. पोरं हुशार हाईत हो. ह्यांना दुसरी शाळा नाय.’

माझं टाळकं सणकलं. मी त्या मुलीला हाक मारली आणि मुख्याध्यापकांच्या देखत, मालकाच्या देखत, ऑफिस दणाणेल अशा आवाजात विचारलं, ‘या तारखा कुणी बदलल्या?’

‘मी,’ ती म्हणाली.

‘का?’

‘तुमच्या गाळणीला एक जून चालत नाही म्हणून.’

‘काहीतरी बरळू नकोस!’

तिचा आवाज चढला. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणारी ती एकदम गावाकडच्या बोलीवर आली. ‘काय शे हे! तीनदा येल शे मी तुमच्याकडे!’ तीनदा आले होते, असं ती म्हणत होती. मग तिने दम घेतला आणि कागदावर आकडे मांडावेत तसं सांगितलं. अठ्ठावन्न मुलांपैकी सत्तेचाळीस जणांची तारीख एक जून. तिने यादी अर्धी करून पाहिली, पाव करून पाहिली, आणि शेवटी एकेक तारीख बदलत गेली. अठराव्या तारखेला गाळणी चालू झाली. उरले एकोणतीस, म्हणजे बरोबर निम्मे. संस्थेला यादी त्याच दुपारी हवी होती. तिला वाटलं, आत्ता आत तर जाऊ दे, छपाईच्या आधी तारखा हाताने परत घालू. ‘तसं चिठ्ठीत लिहून तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. मला वाटलं, तुम्ही केलं असेल.’

मी टेबलाकडे पाहिलं. कागदांच्या ढिगात चिठ्ठी होती. तिच्यावर चहाच्या ग्लासाची गोल वर्तुळं होती, एक नाही, चार. ‘सर, आश्रमशाळेच्या अठरा तारखा तात्पुरत्या बदलल्या आहेत. कृपया छपाईआधी बघा.’ खाली अठराच्या अठरा नावं आणि मूळ तारखा. आठवडाभर मी त्या चिठ्ठीचा ग्लास ठेवायला उपयोग केला होता.

आणि तेव्हा कुठे तो क्लब, ती शुभेच्छापत्रं आणि तो अर्ध्या तासाचा नियम मला आठवला. कुणी तोंडात मारल्यासारखा मी खाली बसलो.

‘एकाच दिवशी इतकी माणसं जन्मतील कशी, असं तो नियम लिहिताना वाटलं होतं...’ मी पुटपुटलो.

मुख्याध्यापक हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. ‘साहेब, डोंगरातल्या आईला विचारलं पोर कधीचं, तर ती सांगते नागलीच्या लावणीला, नायतर मोठ्या पुराच्या साली. आता रजिस्टरात नागली कशी लिहायची? शाळा जूनमधी सुरू होते. मास्तर लिहितो एक जून. माझीबी एक जूनच हाय.’

हे मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटायची सोय असती तर किती बरं झालं असतं! पण माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जून. ते सिन्नरकडच्या खेड्यातले, त्यांनाही मास्तरांनीच जन्माला घातलेलं. सरकारी कचेरीतून ते एकतीस मेला निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्याच दिवशी आणखी नऊ जण निवृत्त झाले होते. हार कमी पडले म्हणून दोन माणसांत एक हार फिरवला होता आणि मी, कॉलेजात शिकणारा दिवटा चिरंजीव, त्यावर पोट धरधरून हसलो होतो. आणि त्याच मी, पुढे नोकरीत बसून असा नियम लिहिला की माझ्या बापाची कचेरीच अवैध ठरावी.

मी त्या मुलीची माफी मागितली. सगळ्यांच्या देखत ओरडलो होतो, म्हणून सगळ्यांच्या देखत मागितली. ती ‘ठीक आहे सर’ म्हणाली, पण ठीक नव्हतं हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, ‘मला दहा दिवस वाटत होतं की मलाच प्रोग्रामिंग येत नाही. मामांना मी सांगूनही टाकलं होतं की परत कळवणला जाते.’ आजही हे आठवलं की जीव कानकोंडा होतो.

पण रविवार तोंडावर होता. मी तो नियम उपटायला निघालो, तर तिने अडवलं. ‘काढू नका सर. उद्या खरंच कुणी तारीख खाली ओढली तर? नियम राहू द्या. नुसतं काय दिसलं ते सांगायला लावा.’

बसलो लिहायला. पहिल्यांदा लिहिलं, ‘तारखा संशयास्पद.’ तिने वाचलं आणि विचारलं, ‘संशय कुणावर? पोरांवर?’ खोडलं. मग लिहिलं, ‘अनेक तारखा सारख्या आहेत.’ तिने विचारलं, ‘अनेक म्हणजे किती? कुठली तारीख? कुठल्या ओळी? आणि मी आता काय करू?’ मला एकदम आमटी आठवली. मुख्याध्यापक बाकावर बसून चहा पीत हे ऐकत होते. ते म्हणाले, ‘साहेब, आमी पोराची वही तपासताना नुसती फुली नाय मारत. शेजारी लिवतो, हातचा एक राहिला.’

शेवटी दोन शब्दांच्या जागी हे आलं: ‘एकूण ५८ ओळी वाचल्या. त्यांपैकी ४७ ओळींत जन्मतारीख १ जून आहे (पहिली ओळ ३). टाइप करताना एकच तारीख खाली ओढली गेलेली असू शकते, किंवा ती खरोखर नोंदलेलीही असू शकते. मूळ रजिस्टर पाहा. रजिस्टरशी जुळत असेल तर ‘हो’ दाबा, यादी आहे तशी घेतली जाईल.’ पडद्यावर हे सगळं इंग्रजीतच मावलं, आणि मावायला माझी ती गुप्त बटणांची जागा खर्ची पडली. ओळीचा नंबर आता सगळ्यांनाच दिसायला लागला. त्यानंतर माझ्या टेबलाशी लोक कमी यायला लागले. पहिले काही दिवस मला ते चांगलंच झोंबलं.

‘हो’ दाबलं. यादी गेली. अठरा तिकिटं नव्याने छापली. संस्थेच्या साहेबांसमोर मी स्वतः जाऊन उभा राहिलो. चूक तुमची की शाळेची, असं त्यांनी विचारलं. ‘माझी,’ मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्के मारले. दुपारच्या एसटीने मुख्याध्यापक नवी तिकिटं घेऊन गेले. जाताना म्हणाले, ‘पोरांना नवी देताना जरा जड जाईल. पोरांनी जुन्या तारखांना आपले वाढदिवस धरलेत. त्यातल्या एकीचा ह्याच सोमवारी पडला, तर सगळ्यांनी मिळून गूळ-शेंगदाणे खाल्ले.’

त्या अठरा तारखा त्या मुलीने कुठून आणल्या, ते मी नंतर विचारलं. तिच्या आईची, भावाची, मामाची, मैत्रिणींची, आठवेल त्याची. त्यात एक माझीसुद्धा होती. ऑफिसात केक कापला होता म्हणून तिच्या लक्षात राहिलेली.

रविवारी मी परीक्षेच्या शाळेवर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसवेना. जीपगाड्यांमधून आश्रमशाळेची मुलं उतरली, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात पेन्सिल आणि तिकीट. दारात दोन शिक्षक दाखला आणि तिकीट शेजारी धरून तपासत होते. मी बाजूला उभा राहून मोजत होतो. सत्तावन्न गेली. अठ्ठावन्नावी एक मुलगी होती, ती रांग सोडून माझ्याकडे आली. मुख्याध्यापकांनी बहुतेक बोट दाखवून सांगितलं असावं, की तिकिटं करणारे साहेब ते.

‘सर,’ ती म्हणाली, ‘सोमवारची तारीख चुकीची व्हती?’

गूळ-शेंगदाणेवाली ती हीच. ‘हो,’ मी म्हणालो. ‘ती चूक माझी होती.’

‘मंग ही बरोबर हाय?’ तिने नव्या तिकिटावरच्या एक जूनवर बोट ठेवलं.

‘हो’ म्हणून मोकळं होणं अगदी सोपं होतं. पण गुरुवारपासून मी एवढंच शिकलो होतो की जे दिसलं तेच सांगायचं.

‘ही तुझ्या शाळेच्या रजिस्टरशी जुळते,’ मी म्हणालो.

तिने तिकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘म्हंजी बरोबर नाय,’ ती म्हणाली, आणि दाखला पुढे करून आत गेली.